ज्याची बॅग त्याने उचलावी

मंगळवार, १४ मे. समुद्रात

नॉर्वे मागे पडला. मला त्याचं दुःख नाही. दहा दिवस डोंगर पाहून माणूस सुधारत नाही, हे या जहाजावरची दोन हजार माणसं पाहिली की कळतं. सकाळी खातात, अकराला खातात, दुपारी खातात, आणि मधल्या वेळात पुढच्या जेवणाची यादी वाचतात. कडेने एवढा समुद्र चालला आहे, त्याच्याकडे पाठ करून बसतात.

मी इथे कसा आलो ते लिहून ठेवतो. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून नोरीनने तिकिटं काढली आणि मग मला सांगितलं. शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं उभी राहून साठवलेलं होतं, त्यामुळे मला बोलायला जागा नव्हती. "तू नाही आलास तरी मी जाणार," म्हणाली. मी आलो. तेहतीस वर्षं लिव्हरपूलच्या गोदीत घालवलेला, त्यातली एकोणीस वर्षं युनियनच्या वतीने फाटकावर बोललेला विल्फ रिमर सोनेरी काठाच्या ताटात जेवतो आहे. मेलेल्या मित्रांनो, माफ करा.

पण आज बातमी आली. केबिनमधल्या टीव्हीवर आपलं शहर दिसलं. प्रवासी धक्क्यावरच्या हमालांनी संप केला आहे. ठेकेदाराने अर्ध्यांना घरी बसवून बाहेरगावची माणसं रोजंदारीवर आणली, म्हणून. फाटकाबाहेर फलक, पेटलेलं पिंप, पंधरा-वीस जण. मी पलंगावर उठून बसलो. दहा दिवसांत पहिल्यांदा जिवंत माणसं पाहिली.

"शुक्रवारी आपण तिथेच उतरतोय," नोरीन म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

तिने टीव्ही बंद केला.

गुरुवार, १६ मे. दुपार

उद्या उतरायचं. सकाळपासून जहाज आम्हाला उतरवण्याच्या सूचना देत आहे. बॅगांना रंगीत पट्ट्या बांधा. रात्री अकराच्या आत बॅगा केबिनबाहेर ठेवा. त्या रात्रीतून खाली नेल्या जातील आणि सकाळी धक्क्याच्या शेडमध्ये रंगाप्रमाणे मांडलेल्या सापडतील. आमची पट्टी जांभळी. मग कप्तानाने ध्वनिवर्धकावरून, गोड आवाजात: 'धक्क्यावर किरकोळ कामगार-वाद आहे, पण काळजी नसावी, सामानासाठी पर्यायी माणसांची सोय केली आहे.'

पर्यायी माणसं! संपफोड्यांना इतकं साबणाने धुतलेलं नाव मी आजवर ऐकलं नव्हतं.

नियम साधा आहे आणि तो मी शोधलेला नाही. माझ्या बापाने मला सांगितला, त्याला त्याच्या बापाने. संपकऱ्यांची रांग ओलांडायची नाही आणि संपफोड्याचा हात आपल्या वस्तूला लागू द्यायचा नाही. देवाच्या आज्ञा दहा आहेत आणि त्यांतल्या तीन-चार मी मोडल्या असतील. ही नाही. तेव्हा बॅगा केबिनमध्येच राहतील आणि सकाळी आम्ही त्या स्वतः उचलून नेऊ. स्वतःचं सामान स्वतः नेणाऱ्यांना सातला उतरता येतं.

"आम्ही म्हणजे कोण?" नोरीनने विचारलं.

"मी दोन्ही नेईन."

"तू शहात्तर वर्षांचा आहेस. माझी बॅग बावीस किलोची आहे. आणि मला या काठीने जिना उतरायचा आहे."

तिच्या डाव्या खुब्याचं ऑपरेशन झालं त्याला दोन वर्षं झाली. मी विसरलेलो नाही. पण गोदीत मी बावीस किलो एका हाताने उचलायचो.

दुपारी दाराखालून एक पाकीट आलं. जहाज कंपनीचं, वर छापील नांगर. मी दोनदा फाडून टोपलीत टाकलं.

"वाचलंस तरी का?" नोरीन.

"मालकांची पत्रं मी वाचत नाही."

"बरं," ती म्हणाली. नंतर मी डेकवर फेरी मारून आलो तर ती पलंगावर तुकडे जोडून बसली होती. तिला कोडी आवडतात. संध्याकाळी ती रिसेप्शनला जाऊन आली. कशासाठी ते मी विचारलं नाही.

गुरुवार, रात्र

निरोपाचं जेवण. इथे रिवाज असा की शेवटच्या रात्री दिवे मालवतात आणि वाढपी मंडळी आइस्क्रीमचा भाजलेला डोंगर हातात घेऊन टेबलांमधून मिरवणूक काढतात. प्रवाशांनी रुमाल फिरवायचे. नऊ-नऊ महिने घराचं तोंड न पाहिलेली माणसं नाचत चालली आहेत आणि विम्याच्या कंपन्यांतून निवृत्त झालेले लोक रुमाल फिरवत आहेत.

आमच्या टेबलावरचा हेकॉक त्यातलाच. चेशायरचा, लाल गालांचा, बारा रात्री शेजारी बसवलेला. तो म्हणाला, "काय हो रिमर, उद्या तुमचे दोस्त आमच्या बॅगा समुद्रात नाही ना टाकणार?"

"तुमची टाकली तर समुद्र तक्रार करेल," मी म्हणालो.

"हा चावतो का हो, बाई?" त्याने नोरीनला विचारलं.

"दात आहेत तोवर," ती म्हणाली आणि दोघं हसली. माझी बायको आणि हेकॉक!

मिरवणूक संपली, दिवे लागायचे होते, तेवढ्यात मी उभा राहिलो. ठरवलं नव्हतं. पण चारशे माणसं एका खोलीत गप्प असतील तर मला बसवत नाही, कधीच बसवलं नाही. मी म्हणालो: "मित्रांनो, उद्या सकाळी तुमच्या बॅगेला जो हात लागेल तो दुसऱ्याच्या ताटातली भाकरी ओढणारा हात असेल. ही माणसं जास्त मागत नाहीत. कालपर्यंत जे काम होतं ते मागताहेत. तुमच्या बॅगेला चाकं आहेत. तुम्हाला दोन हात आहेत. एक सकाळ, फक्त एक सकाळ, आपलं ओझं आपण उचला."

छान जमलं होतं. आवाज अजून खोलीच्या टोकापर्यंत जातो. मग मागच्या टेबलावरच्या एका बाईने रुमाल फिरवला. तिला वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. मग सगळ्यांनी फिरवले. चारशे रुमाल. वाद्यवृंदाने एक सूरही धरला.

मी बसलो तेव्हा नोरीन टेबलावर नव्हती.

केबिनमध्ये आलो तर तिची बॅग दाराबाहेर, जांभळी पट्टी बांधून. मी आत घेतली. तिने परत बाहेर ठेवली. मी परत आत घेतली. आमची केबिन सांभाळणारा रोडेल शेजारच्या केबिनी आवरून येत होता. त्याने आम्हाला पाहिलं आणि तो कोपऱ्यावरून मागे वळला.

"ऐक," नोरीन म्हणाली. ती पलंगाच्या कडेवर बसली होती, आवाज न चढवता. "मी हे एकदाच सांगणार आहे. उद्या दहाला फ्रँक गाडी घेऊन येतोय."

फ्रँक माझा धाकटा भाऊ. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, आमच्या संपाच्या अकराव्या महिन्यात, तो डोकं खाली घालून फाटकातून आत गेला. मी बाहेर उभा होतो. त्यानंतर मी त्याच्याशी एक शब्द बोललेलो नाही. आईच्या दफनाच्या वेळी तो कबरीच्या त्या बाजूला होता आणि मी या बाजूला.

"तुझा त्याच्याशी संबंध कुठून आला?" मी विचारलं.

"दर बुधवारी भेटतो. तू वाचनालयात असतोस तेव्हा मी त्याच्याकडे जाते. त्याची बायको मॉरा गेल्यापासून तर तो एकटाच आहे."

"किती वर्षं?"

"मोजून काय करशील?"

मी विचारलं, त्याने कधी कारण सांगितलं का. अठ्ठावीस वर्षं मी स्वतःला हे विचारू दिलं नव्हतं. वाटत होतं, मूल आजारी असेल, कुणी धमकी दिली असेल. ज्याला तोंड देता येईल असं काहीतरी.

"दमला होता," नोरीन म्हणाली. "एवढंच. अकरा महिन्यांनी दमला आणि आत गेला. गाडीत तिघांची जागा आहे, विल्फ. तू बसलास तर आपण एकत्र घरी जाऊ. नाही बसलास, तर मी त्याच्याबरोबर जाईन आणि घरी येणार नाही. 'मला ऐकू आलं' असं म्हण."

"ऐकू आलं."

तिने दिवा मालवला. मी बाथरूममध्ये बसून हे लिहितो आहे. ती असं पूर्वीही म्हणाली आहे. निदान एकदा.

शुक्रवार, १७ मे. घरी, संध्याकाळ

क्रमाने लिहितो, कारण आजचा दिवस लोक उद्या वेगळाच सांगतील.

पहाटे उठलो तर नोरीनची बॅग केबिनमध्ये नव्हती. ती झोपल्याचं सोंग करून भिंतीकडे तोंड करून पडली होती. रोडेलला विचारलं. तो म्हणाला, "सर, मॅडमनी सांगितलं, मी नेली." त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. मी माझी बॅग घेतली आणि सातला एकटा उतरलो. लिफ्ट भरलेली, म्हणून जिन्याने. आठ मजले. सरकत्या पुलावरून, लांब काचेच्या गल्लीतून, पासपोर्ट दाखवून. शेडमध्ये बॅगांच्या रांगा लागल्या होत्या आणि नारंगी जाकिटातली परगावची माणसं त्यांच्यामधून हिंडत होती. माझ्याकडे एक जण आला, "देऊ का हात?" म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने हात मागे घेतला.

बाहेर आलो आणि वारा लागला. नदीचा, आपला. फाटकापाशी वीस-बावीस जण होते. त्यांची पुढारी टेगन मॉलिन्यू, एकोणतीस वर्षांची, शाखेची चिटणीस. मी नाव सांगितलं.

"रिमर?" ती म्हणाली. "त्या जुन्या संपातले?"

"तोच."

"बसा ना, आजोबा. चहा घ्या."

मी बसलो नाही. उभ्यानेच चहा घेतला आणि त्यांना दोन-चार गोष्टी सांगितल्या. फाटकापासून किती अंतरावर उभं राहायचं, गाडीवाल्याच्या डोळ्यांत कसं पाहायचं. दाढीवाला धिप्पाड ओगी माझ्या शेजारी होता. त्याचा बाप, जिमी ओग्डेन, आमच्या संपात माझ्या डाव्या हाताला उभा असायचा. ओगी म्हणाला, "बाप तुमचं नाव घ्यायचा हो. म्हणायचा, रिमर बोलायला लागला की थंडी वाजायची थांबायची." दहा वर्षांनी तरुण झालो.

साडेआठच्या सुमाराला ओगी आणि आणखी दोघं दंडाला युनियनच्या फिती बांधून हातगाडी घेऊन आत निघाले. शेडमध्ये. मी पेला खाली ठेवला.

"हे काय चाललंय?"

"सूट आहे," टेगन म्हणाली. "सत्तरीच्या पुढचे, अपंग, आजारी. त्यांच्या बॅगा आम्ही स्वतः काढून रस्त्यापर्यंत देतो. फुकट. ठेकेदाराच्या माणसांनी त्या बॅगांना हात लावायचा नाही, असं लिहून घेतलंय. जहाजावर प्रत्येक केबिनला पत्र पाठवलं होतं आम्ही, जहाज कंपनीच्याच पाकिटातून. ज्यांना हवं त्यांनी रिसेप्शनला नाव द्यायचं. तुम्हाला नाही मिळालं?"

"मिळालं," मी म्हणालो. मिळालंच होतं. बाकीचा तपशील तिला सांगायची गरज नव्हती.

मी तिला एवढंच म्हणालो की संप म्हणजे धर्मादाय दवाखाना नव्हे. आज म्हाताऱ्यांच्या बॅगा, उद्या गर्भार बायकांच्या, परवा हेकॉकच्या.

"मतदान झालं, आजोबा. एक्केचाळीस विरुद्ध तीन."

बहुमतापुढे मी आयुष्यभर मान तुकवली आहे. तुकवली.

पावणेदहाला नोरीन बाहेर आली. एका हातात काठी, दुसरा हात ओगीच्या कोपरात, आणि ओगीच्या दुसऱ्या हातात तिची बॅग. ती त्याला काहीतरी सांगत होती आणि तो पोरगा मान मागे टाकून हसत होता. म्हणजे तिने नाव दिलं होतं. तिच्या बॅगेला रात्रीपासून रोडेल आणि आमची माणसं सोडून कुणाचा हात लागला नव्हता. ती माझ्यापाशी थांबली. "सगळं रीतसर आहे," म्हणाली. "चल."

रस्त्याच्या कडेला निळी गाडी उभी होती आणि फ्रँक बाहेर पडून डिकी उघडत होता. बारीक झाला आहे. कॉलर मानेभोवती सैल. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि टोपी काढली, थडग्यापाशी काढतात तशी. ओगीने बॅग उचलून डिकीत ठेवली.

इथे मी बोललो. बोलावंच लागलं.

"ओगी, ही गाडी कुणाची आहे माहीत आहे तुला?"

"काकूंच्या दिराची ना?"

"शहाण्णव साली तो या रस्त्याने आत गेला. तुझा बाप माझ्या डाव्या हाताला उभा होता तेव्हा."

टेगन पुढे आली आणि हळूच म्हणाली, "मी तेव्हा एक वर्षाची होते, आजोबा. जाऊ द्या."

"तू एक वर्षाची होतीस म्हणून तो आत गेला नव्हता असं होत नाही," मी म्हणालो. "संपफोड्याच्या गाडीत युनियनच्या हाताने सामान चढत नाही. हे तुम्हाला पटत नसेल तर ते फलक नदीत टाका, ठेकेदाराची माफी मागा आणि कामाला लागा. हा नियम माझा नाही. माझा असता तर मीच आज मोडला असता. तिकडे कोण उभं आहे ते मला दिसत नाही का?"

ओगीने टेगनकडे पाहिलं, टेगनने जमिनीकडे. मग ओगी वाकला, बॅग डिकीतून काढली आणि रस्त्यावर ठेवली.

"माफ करा, काकू," तो म्हणाला. "बापाला तोंड दाखवायचंय मला वर गेल्यावर."

"असू दे, पोरा," नोरीन म्हणाली. "तुझी चूक नाही."

फ्रँक बॅगेपाशी आला. त्याने एका हाताने उचलून पाहिली आणि छातीला हात लावून थांबला. नोरीनने काठी गाडीच्या टपावर ठेवली आणि दुसऱ्या बाजूने मूठ धरली. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा काठावर टेकली आणि घसरली. तिसऱ्यांदा आत गेली. वीस धडधाकट माणसं उभी होती आणि एक जणही हलला नाही. मीही हललो नाही. तत्त्वाची परीक्षा अशाच वेळी होते; सोपं असतं तेव्हा ते तत्त्व नसतं, सवय असते. हे वाक्य मला तिथेच सुचलं.

नोरीन पुढच्या सीटवर बसली आणि काच खाली केली.

"विल्फ, मागची सीट रिकामी आहे."

"मी बसने जाईन," मी म्हणालो.

तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. मला कसं ते सांगता येत नाही. मग ती फ्रँकला म्हणाली, "चल, निघू या," आणि ते गेले.

मला वाटलं होतं कुणीतरी टाळी वाजवेल. पोरं नवीन आहेत, त्यांना अशा प्रसंगाची सवय नाही. टेगन पिंपात लाकडं सारत होती. ओगी हातगाडी घेऊन आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी अकराच्या बसने घरी आलो.

रविवार, १९ मे

काल नोरीनचा फोन. जहाजावर नेलेल्या तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या, बाकीच्या बाथरूमच्या कपाटात आहेत.

"फ्रँक येऊन घेऊन जाईल," म्हणाली.

"तो या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही."

"मग मी येईन."

"ये की," मी म्हणालो. "घर तुझंच आहे."

म्हणजे येणार. मला अंदाज होताच. तिचा राग तीन-चार दिवसांचा असतो. मी मोठ्या पातेल्यात मटण-बटाट्याचं स्काऊस शिजवलं, दोघांना दोन दिवस पुरेल इतकं. जरा करपलं. लोणच्याच्या बीटाबरोबर खपून जाईल.

बुधवार, २२ मे

संप जिंकला. पहिल्या झटक्यात, नऊ दिवसांत! काढलेले सगळे परत कामावर. शेडमधून काढलेल्या म्हाताऱ्यांच्या बॅगांचे फोटो वर्तमानपत्रांत आले, लोकांची सहानुभूती मिळाली, ठेकेदार नमला, असं सगळे म्हणतात. मला वाटतं, फाटकावरची शिस्त बघून नमला.

संध्याकाळी सहाला सभागृहात विजयसभा होती. मी चांगला कोट घातला, भाषण लिहून खिशात ठेवलं होतं, सहा पानं. टेगन बोलली, मग आणखी एक पोरगी बोलली, मग बिअर आली. मी पहिल्या रांगेत होतो. वेळ कमी असावा. ओगी दारापाशी होता. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो कुणाला तरी फोन करायला बाहेर गेला. गर्दीत असं होतं.

साडेआठला घरी आलो तर नोरीन येऊन गेली होती. नेमकी मी नसताना, बुधवार ना, तिला वाटलं असेल मी वाचनालयात असणार. चुकामूक झाली. तिने स्काऊसचं पातेलं घासून पालथं घातलं आहे, उरलेलं डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवलं आहे, एका माणसाच्या चार वाट्या. गोळ्या नेल्या. चिठ्ठी नाही, तेव्हा सांगण्यासारखं विशेष काही नसणार.

कपाट उघडून पाहिलं. तिचा जाड हिवाळी कोट नाही. लोकरी मोजे आणि बर्फातले बूटही नाहीत. मी त्यावर बराच विचार केला. आता मे संपत आला, बाहेर ऊन आहे, या दिवसांत हे सामान कुणाला लागतं? कोट धुवायला टाकला असेल आणि बुटांना तळवे बसवायचे असतील. असली कामं ती नेहमी उन्हाळ्यातच उरकून घेते. थंडी पडायच्या आधी सगळं परत कपाटात येईल. मी तिची बाजू झाडून, हँगर सारखे करून ठेवले.